बिनफोडणीचे दहा दिवस

ही गोष्ट सांगायचं मी सव्वीस-सत्तावीस वर्षं टाळलं. टाळण्याची माझी रीत इतकी सफाईदार होती की कुणाच्या ती लक्षात आली नाही. कुणी त्या लेखाची आठवण काढली की मी हसायचो आणि पूर्णा स्टेशनवरच्या भज्यांचा विषय काढायचो. भज्यांचा विषय निघाला की परभणीचा माणूस दुसरं काही बोलत नाही. आता माझं वय सत्त्याहत्तर आहे. डॉक्टरांनी भजी बंद केली आहेत आणि हसणंही पूर्वीसारखं जमत नाही.

मार्च लागला आहे. सकाळी दहालाच ऊन डोक्यावर येतं. समोरच्या गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया वाळत घातल्या आहेत. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा तो आंबूस वास, ज्याला तो ठाऊक नाही त्याला नकोसा वाटेल, मला मात्र त्या वासानं भूक लागते. चीक शिजत असताना एक वाटी बाजूला काढायची, त्यावर कच्चं तेल आणि तिखट घालून गरम गरम खायची. या चवीवर मी एकदा पूर्ण रकाना लिहिला होता. रस्त्यानं परीक्षेची मुलं-मुली चालली आहेत, हातात घडी घातलेले कागद, ओठ हलतायत. कोपऱ्यावरच्या मेसनं पाटी लावली आहे, परीक्षेच्या काळात जेवण सकाळी नऊपासून. ती पाटी दर मार्चला लागते आणि दर मार्चला मी रस्त्याची दुसरी बाजू धरतो.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. त्या काळी माझा एक मित्र परभणीत साप्ताहिक चालवायचा. त्यात मी दर आठवड्याला खाण्यावर लिहायचो. सदराचं नाव 'चवीची चौकशी'. शहरातली हॉटेलं, खानावळी, गाडे, शिवाय घरोघरच्या बायका जे करून विकत ते पापड, धपाटे, शेंगापोळ्या, चुरमुऱ्यांचा सुशीला, उरुसातला हलवा-पराठा, सगळ्याची मी जाहीर चव घ्यायचो. लेखाखाली माझं नाव नसायचं, पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. स्टँडवरचे हॉटेलवाले मला पाहून टेबल पुसायला घ्यायचे.

आता खरं सांगायला बसलोच आहे तर बारीकसारीकही सांगून टाकतो. स्टँडजवळच्या ज्या मिसळीला मी जिल्ह्यात तोड नाही असं लिहिलं, तिचा मालक माझा वर्गमित्र होता. जिल्ह्यात तिला भरपूर तोड होती. सेलूच्या एका जिलेबीवर मी पाऊण रकाना लिहिला तो न खाताच. गाडी चुकली होती, आणि मजकूर तर द्यायचा होता. मानवतच्या एका मावशींच्या शेंगापोळीबद्दल जे लिहिलं ते मात्र कमीच होतं. ती पोळी ताटात पडल्यावर दुमडायला मन होत नसे.

हे सगळं माफ होण्यासारखं आहे. जे नाही, ते पुढं आहे.

माझा एक नियम होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता. स्वयंपाक करणाऱ्याशी बोलायचं नाही. बोललं की तो ओळखतो, ओळखलं की तूप जास्त वाढतो. गुपचूप जायचं, इतर जेवतात ते जेवायचं, उठायचं आणि लिहायचं. चौकशी जिभेनं करायची, तोंडानं नाही. हे वाक्य मी लोकांना ऐकवायचो आणि लोक माना डोलवायचे.

स्टेशनच्या मागच्या एका गल्लीत महादेवीअक्कांची खानावळ होती. दोन खोल्या, पुढं कडुनिंब, आत सतरंजीच्या पट्ट्यांवर तीस-चाळीस मुलांची पंगत. खेड्यांतून शिकायला आलेली कॉलेजची मुलं. अक्का लिंगायत. माहेर कर्नाटकाच्या सीमेकडचं, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आवाज पंगतीच्या टोकापर्यंत पोहोचणारा. त्यांच्या जोडीला सरूबाई. त्या शेतकरी मराठ्याच्या घरातल्या, विधवा, अंगानं काटकुळ्या, आणि भाकरी अशी की तव्यावर फुगली की पोरं पाहायला वाकायची. आमटी अक्कांची, भाकरी सरूबाईंची. दोघींनी मिळून ती खानावळ उभी केली होती. पण ही सरूबाईंची माहिती मला नंतरची. जेवायला गेलो तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की तिथली येसराची आमटी खाल्लेला माणूस दुसऱ्या आमटीला नावं ठेवतो.

येसर आमच्याकडचा. धान्यं, डाळी, मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळायचे. लग्नघरात त्याच्या दळणाला बायका जमतात, आणि प्रत्येक घरचा येसर वेगळा. चांगल्या येसराच्या आमटीवर लाल तवंग असतो आणि पहिल्या घोटाला कान गरम होतात. मी असाच एका मार्चमध्ये, परीक्षेच्या ऐन दिवसांत, दुपारी बाराला अक्कांच्या पंगतीत जाऊन बसलो. तोंडाला पाणी सुटलं होतं.

वाटीत पांढरट वरण आलं.

हळद नाही. फोडणी नाही. मोहरीचा एक दाणा नाही. ताटात उकडलेलं वांगं, मीठ, कोरडं तिखट, कांदा. भाकऱ्या जाड, एका बाजूला करपलेल्या, कडा फाटलेल्या. तळलेलं काही नाही. अक्का स्वतःच भाकरी थापत होत्या आणि स्वतःच उठून वाढत होत्या. मी शेजारच्या मुलाकडं वळलो. बी. ए. च्या शेवटच्या वर्षाचा असावा, मांडीजवळ वही उघडी.

"रोज असंच असतं का रे जेवण?"

"सध्या असंच हाय, काका."

"अन् तुमी गप खाता?"

"खावा की काका. चांगलं हाय." एवढं बोलून त्यानं वाटी पुढं केली. "अक्का, अजून वरण."

त्यानं 'सध्या' म्हटलं होतं. मी ते ऐकलं होतं. लेखात मी ते लिहिलं नाही.

आणि त्याहून वाईट ते आता लिहितो. बिनहळदीचं, बिनफोडणीचं जेवण आमच्याकडं कधी होतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सुतकात. घरात माणूस गेला की दहा दिवस कढई चढत नाही, फोडणीचा वास घराबाहेर जात नाही. कुणी म्हणेल, तुम्हाला सुचलं नसेल. सुचलं होतं. ताट पाहिल्याबरोबर सुचलं होतं. मग मी मान वर करून अक्कांच्या कपाळावरचं भस्म पाहिलं, गळ्यातलं लिंग पाहिलं आणि मनाशी म्हणालो, हे तर लिंगायत. यांच्या धर्मात सुतक नाही. म्हणजे ही शुद्ध कंजुषी. परीक्षेची पोरं कुठं जाणार, म्हणून चाललंय. माझ्या हुशारीची मीच पाठ थोपटली. एक प्रश्न विचारला असता तर भागलं असतं. पण माझा नियम होता ना.

त्या आठवड्याच्या लेखाचा मथळा होता 'बिनफोडणीची खानावळ'. या घरात हळद आणि मोहरी यांना प्रवेशबंदी आहे, असं पहिलं वाक्य. वरण असं नितळ की वाटीचा तळही दिसावा आणि जेवणाऱ्याचं नशीबही, असं दुसरं. भाकऱ्यांना मी जिल्ह्याचा नकाशा म्हटलं, करपलेल्या जागी तालुके दाखवले. मुलं मुकाट जेवतात याचं कारण परीक्षेच्या धास्तीनं त्यांच्या जिभा मेल्या आहेत, असं दिलं.

गाव हसलं. मी लिहिलेल्या कुठल्याच लेखावर गाव इतकं हसलं नव्हतं. आमच्या कचेरीत तो मोठ्यानं वाचला गेला, आणि साहेबांनी तालुक्यांच्या वाक्याला टाळी दिली. चिकट माणसाला 'बिनफोडणीचा' म्हणायची पद्धत पडली. रिक्षावाले त्या गल्लीला बिनफोडणीची गल्ली म्हणायला लागले. आजही म्हणतात. खानावळ मिटून इतकी वर्षं झाली, तिथं आता मोबाइलच्या दुकानांची रांग आहे, तरी स्टेशनवर उतरून "बिनफोडणी" म्हटलं की रिक्षा बरोबर तिथंच आणून सोडते. माझ्या लिखाणातलं एवढंच काय ते टिकलं.

वैशाखात शेजारच्या घरी लग्न होतं. माझी बायको कमल येसर दळायला गेली होती. दुपारी ती परत आली तेव्हा केसांवर, भुवयांवर पीठ. पाय न धुता ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमी स्टेशनामागच्या खानावळीवर लिव्हलं ते कोणत्या दिवशी जेवला होता?"

"का?"

"सांगा."

मी सांगितलं. तिनं बोटांवर मोजलं.

"सातवा दिवस. सरूबाईचा लेक गेल्याचा."

"कोण सरूबाई?"

"भाकरी करती ती. पंचविशीचं पोरगं, काविळीनं गेलं. एकुलतं. अहो, वाटीत हळद न्हाई एवढं दिसलं तुमाला, अन् कामून न्हाई ते दिसलं न्हाई?"

"अक्का लिंगायत आहेत. त्यांच्यात सुतक नसतं."

"सरूबाई कुठं लिंगायत हाय?"

कमलनं मग बाकीचं सांगितलं, तिथंच उभ्यानं. सांगून होईपर्यंत ती पाणीसुद्धा प्यायली नाही. सरूबाई घरी बसून होत्या, त्यांच्या चुलीत विस्तव नव्हता. दोन्ही वेळचं जेवण अक्का पाठवायच्या, खानावळीच्याच भांड्यातलं. कुणी म्हणालं, अक्का, पोरांसाठी वेगळी आमटी टाका, त्यांच्या परीक्षा आहेत. अक्का म्हणाल्या, "दोन भांडी मांडली तर तिचं दुःख येगळं काढल्यासारखं व्हतंय. पोरास्नी विचारते. खातो म्हणली तर एकच भांडं." पोरांना विचारलं. पोरं खातो म्हणाली. त्यात पंगतीतली लिंगायत पोरं होती, मुसलमान पोरं होती, आणि तो माझ्या शेजारचा होता ज्यानं अजून वरण मागितलं होतं. त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं आपण काय जेवतोय. चवीचा जाणकार तेवढा एकटा अडाणी होता.

दुसऱ्याच दिवशी मी गेलो. दारावर माझा लेख चिकटवला होता. कणकेची खळ लावून, चारी कोपरे नीट दाबून, येणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्याखाली एखादं उत्तर लिहिलं असेल म्हणून मी पाहिलं. काही नव्हतं. खुलासा नाही, शिवी नाही. वाचा आणि आत या, किंवा वाचा आणि चालते व्हा. मला तो कागद असाच दिसला.

आत पंगत निम्मी होती. परीक्षा संपून मुलं गावी गेली होती. मी बसलो. अक्कांनी ताट वाढलं. त्या दिवशी येसराची आमटी होती. लाल तवंग, कढीपत्ता तडतडलेला, भाकरी फुगून दोन पदर सुटलेली. आतल्या दाराशी चुलीपुढं एक काटकुळी पाठ दिसत होती. मी घास घेतला आणि कान गरम झाले. त्यात आमटीचा वाटा किती ते मला सांगता येत नाही. अक्का पळी घेऊन माझ्यासमोर आल्या, वाकल्या, आणि पंगतीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या,

"फोडणी बसली का, भाऊ?"

त्या मला ओळखत होत्या.

घरून निघताना मी वाक्य पाठ केलं होतं. अक्का, माझं चुकलं, मी छापून माफी मागतो. ते तोंडात होतं. त्याच्यावर घास होता. मी मान हलवली आणि म्हणालो, "बसली." अक्कांनी पळीभर आमटी अजून घातली आणि पुढं गेल्या. मी ताट चाटूनपुसून संपवलं, हात धुतले आणि घरी आलो.

साप्ताहिकवाल्या मित्राला मी खुलासा लिहून दिला. त्यानं वाचला, चष्मा काढला. "अरे, लोक हसलेत, विसरलेत. आता हे छापून त्यांना रडवायचं का? वरून ते पोरगं गेल्याचं सगळ्या गावात होईल. तुलाच जड जाईल. बघू पुढच्या अंकात." पुढच्या अंकात तो आला नाही. मी विचारलं नाही. त्याला दोष देणं सोपं आहे, तो आता नाही. खरं हे की त्यानं 'बघू' म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

जूनमध्ये नवीन मुलं आली. मुलांबरोबर त्यांचे वडील आले, आणि त्यांना गावानं सांगितलं, बिनफोडणीत घालू नका. दोन-अडीच वर्षांत खानावळ मिटली. लोक म्हणतात, अक्कांचे गुडघे गेले होते. गेले होते, मान्य. पण चाळीस मुलांची पंगत नऊवर आली ती गुडघ्यांनी आणली नाही. या बाबतीत माझी समजूत घालायला कुणी येऊ नये. माझी मीच ती फार वेळा घातली, आणि प्रत्येक वेळी घालून घेतली.

अक्का गेल्या तेव्हा मी शेवटच्या दर्शनाला गेलो होतो. त्यांच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवलं होतं, भस्म लावलं होतं, हार घातले होते, पुढं टाळ वाजत होते. बसलेल्या अक्का पंगतीवर नजर ठेवून असल्यासारख्या दिसत होत्या. मी गर्दीत मागं राहिलो. त्यानंतर दहा दिवस सरूबाईंच्या खोलीत फोडणी पडली नाही. अक्कांच्या घरच्यांनी सांगितलं, आमच्यात हे नसतं, तुमीही धरू नका. सरूबाई म्हणाल्या, "तुमच्यात नसंल. माझ्यात हाय." हे मला कमलनं सांगितलं. ती पांढरं वरण आणि भाकरी घेऊन जायची. मी डबा भरताना पाहायचो आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो.

आता वैशालीचं. साप्ताहिकवाल्या मित्राची ही मुलगी. वडिलांचे जुने अंक तिनं सांभाळले आहेत, आणि माझ्या सदराचं पुस्तक करायचं तिनं मनावर घेतलं आहे. मुलगी गुणाची आहे. फेब्रुवारीत ती घरी आली, मोबाइलवर मुखपृष्ठ दाखवलं. पांढऱ्या कागदावर एक रिकामी वाटी. वर मोठ्या अक्षरांत 'बिनफोडणीची खानावळ'.

"काका, तोच लेख पहिला घ्यायचा. अजून वाचला तरी लय हसू येतं. तुमच्याइतकं बेधडक आता कोण लिहितंय? हे रीलवाले तर फुकटचं खातात अन् प्रत्येक गाड्यावर बोट चाटून एकच बोलतात."

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी तोंडानं सांगितलं. तिनं मोबाइल पालथा ठेवला.

"मग वगळू तो. बाकीचे चाळीस लेख आहेत की. कुणाला कळणार पण न्हाई."

"वगळायचा नाही."

"अहो काका, पण कशाला तुमचं नाव..."

"शब्द न बदलता छापायचा. तालुक्यांसकट. आणि त्याच्या पुढच्याच पानावर मी देईन ते छापायचं. दोन्ही नसतील तर पुस्तक नको."

"लोक नावं ठेवतील तुमाला. या वयात."

"ठेवू दे. अक्का-सरूबाईंसाठी उशीर झाला आहे, माझ्यासाठी नाही."

माझी पुतणी म्हणते, काका, सोडा आता. पेन्शनरांच्या कट्ट्यावरचे म्हणतात, कोण ती खानावळवाली, कुणाला आठवतेय. कट्टेकऱ्यांनो, गल्लीचं नाव तर तुम्हाला आठवतंय. ते घेताना अजून दात दिसतात तुमचे. मीही तुमच्यातच बसून हसलो, म्हणून मला हे म्हणायचा हक्क आहे. मला उदार व्हायचं नाही आणि तुम्हीही माझ्याशी होऊ नका. बेधडक मी कधीच नव्हतो. उत्तर देणार नाहीत अशा दोन बायांवर मी शौर्य गाजवलं. वर्गमित्राच्या मिसळीपुढं माझी लेखणी तुपात होती.

या माघात सरूबाई गेल्या. त्यांच्यामागं सुतक धरायला कुणी नव्हतं. त्या दुपारी मी जेवायला बसलो आणि वाटीत पांढरं वरण आलं. मी कमलकडं पाहिलं. ती म्हणाली, "जेवा." दहा दिवस आमच्या घरात फोडणी पडली नाही.

तेव्हा चवीची जी चौकशी राहिली होती ती आता पुरी करतो. तुरीचं वरण, हळदीवाचून. रंग जुन्या धोतराचा. वास जवळजवळ नाही. वाटी नाकाशी नेली तर शिजलेल्या डाळीचा, ओल्या मातीच्या भिंतीसारखा. पहिल्या घासाला जीभ काहीतरी शोधत राहते, सवयीनं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ती शोधणं थांबवते, आणि मग डाळीचा गोडवा लागतो, जो फोडणीखाली आयुष्यभर लागला नव्हता. मीठ बोलतं. करपलेल्या भाकरीचा कडूपणा त्यात बरा वाटतो. हे जेवण जिभेसाठी नसतं. शेजारच्याला तेच वाढलेलं असतं, आणि आपण त्याच्याबरोबर बसलेलो असतो. चाळीस मुलांना परीक्षेच्या दिवसांत हे कळलं होतं. परभणी शहरात मी जेवलेल्या खानावळींत महादेवीअक्का आणि सरूबाई यांची खानावळ पहिली. दुसरा क्रमांक बराच खाली आहे.

सरूबाई हयात असताना मी हे का लिहिलं नाही, एवढं राहिलं. चार वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडं गेलो होतो, असाच मार्च होता. अक्कांच्या घरामागच्या खोलीत त्या राहायच्या. स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "बिनफोडणी का?" मी हो म्हणालो.

त्या अंगणात पोत्यावर बसून चिंचा फोडत होत्या. बत्त्याचा एक ठोका, चिंचोका बाजूला. ऐंशी पार केलेल्या, पण हात चालत होता. त्यांनी डोळ्यांवर तळवा धरला.

"कोण हाय? कमलबाईचे मालक का? बसा की. ऊन लय झालंय."

मी पायरीवर बसलो. वाक्य तोंडात होतं. त्यांनी माझ्यासमोर चिंचेची दोन बुटुकं ठेवली.

"सरूबाई, ती खानावळ होती तेव्हा पेपरात एक आलं होतं. आठवतं का?"

त्यांचा चेहरा असा उजळला की मी बोलायचा थांबलो.

"आठवतं म्हंजे? थांबा." गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या, आत गेल्या, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन आल्या. पिवळा पडलेला, मागं कणकेची खपली. "मला वाचता येत न्हाई. अक्कानं वाचून दाखवलं व्हतं. माझ्या लेकाच्या पायी अक्कानं फोडणी घातली न्हाई, पोरं परीक्षा असून तसंच जेवली, ते सगळं छापून आलंय म्हणली. दाराला लावला व्हता तिनं. येणाराजाणारा वाचायचा." त्यांनी कागद मांडीवर सरळ केला. "अन् गावानं गल्लीला नाव दिलं. रिक्षावाला वरडतो तवा मला वाटतं, माझ्या लेकाचंच सुतक समद्या गावानं धरलंय. कुणाच्या लेकाला मिळतं हो असं?"

मी चिंच तोंडात घातली. दुसरं काय करावं ते कळेना.

"लिव्हणारा कोण व्हता, तुमाला ठावं हाय का?" त्यांनी विचारलं. "अक्काला ठावं व्हता. एकदा जेवायला आलता म्हणली. आमटी वाढली तरी गपच. मी म्हणलं, अगं, बोलली का न्हाईस त्याच्याशी? तर म्हणली, त्येलाच काईतरी बोलायचं व्हतं, सरू. घास व्हता तोंडात."

बत्ता थांबला होता. त्या माझ्याकडं पाहत होत्या. मी चिंच गिळली, आणि तोंड रिकामं झालं.

सरूबाई, तो मी. माझं चुकलं. तुमचा मुलगा गेला होता आणि मी वाटीत हळद शोधत बसलो.

"नाही," मी म्हणालो. "मला नाही ठाऊक."